मागे कोणी आहे का?

शनिवार, १२ ऑक्टोबर २०१९. तिकीट ऐंशी कोरुना.

क्वेता कालिनोवाने पर्समधून पन्नासचे एक, वीसचे एक आणि दहाचे एक अशी नाणी काढली आणि दारातल्या टेबलावर ओळीने मांडली. टेबलामागे यार्मिला बसली होती. ब्रोदेत्स या चेक गावातल्या होडी क्लबची तिकिटे फाडण्याचे काम तिच्याकडेच होते आणि त्यात तिने आजवर कोणाची गय केली नव्हती. आज मात्र तिने नाणी परत ढकलली.

"वेड लागलंय का तुला? नवरा पडद्यावर आणि बायको तिकीट काढून आत?"

"नवरा पडद्यावर आहे. मी खुर्चीवर बसणार. खुर्चीचे घे."

"हट्टी ती हट्टीच."

"आणि या बरण्या कुठे ठेवू ते सांग. हात तुटायला आलेत."

बरण्यांत व्हिनेगर, कांदा आणि तिखट मिरचीत मुरवलेले सॉसेज होते. त्यांना सगळेच 'बुडालेले' म्हणत. क्लबच्या चित्रपटांच्या संध्याकाळी बिअरबरोबर लागणारे बुडालेले क्वेताच्या हातचेच असायचे, हे वर्षानुवर्षे ठरलेले. यंदा ती करील का, असे विचारायचे धाडस कोणाला झाले नव्हते. तिने कोणी न विचारताच केले होते.

ऑक्टोबरच्या या शनिवारी दुपारी नदीला कुलूप लागते. एप्रिलमध्ये उघडलेली साझावा नदी एका मोठ्या लाकडी किल्लीने पुन्हा बंद करायची, ओले कपडे बदलायचे आणि संध्याकाळी जुन्या व्यायामशाळेत बसून एकमेकांनी वर्षभरात काढलेले छोटे चित्रपट बघायचे. कोणी आइसलँडच्या धबधब्यावरून उडी मारून आलेला असतो, कोणी अल्बानियात आठवडाभर वाहत गेलेला असतो. कोणी कुठेच गेलेला नसतो; त्याने आपल्या तीन वर्षांच्या पोराला कपडे धुवायच्या टबात बसवून गावच्या ओढ्यावर सोडलेले असते आणि तेच तो घेऊन येतो. टाळ्या बहुधा त्यालाच जास्त पडतात.

यंदा नऊ चित्रपट होते. सातवा रादिमचा. नाव होते, 'मागे कोणी आहे का?' क्वेता त्या एकासाठी आली होती. तिला लुमीरचा चेहरा बघायचा होता. नदीवरचा चेहरा. एवढ्या वर्षांच्या संसारात तो तिने कधी पाहिला नव्हता.

क्वेता मूळची नदीकाठची नव्हे. वरच्या पठारावरच्या बटाट्याच्या गावातून ती विसाव्या वर्षी ब्रोदेत्सच्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आली. पहिल्याच उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या बायकांची नदीवर सहल निघाली. होड्या दोघादोघांच्या, बायका सात, म्हणून मागे बसायला गावातल्या सुताराला बोलावले. तो हा लुमीर कालिना. काठावर उभा राहून त्याने या नव्या मुलीला वरपासून खालपर्यंत बघितले.

"पोहता येतं?"

"नाही."

"उत्तम. पोहता येणारे फार माज करतात. माझ्या पुढे बस. दोनच नियम. दगड दिसला की ओरडायचं, आणि मागे वळून बघायचं नाही."

"का?"

"होडी कलंडते."

"आणि तू मागे काय करतोयस ते बघायचं झालं तर?"

"मला बघायला संध्याकाळ आहे की."

पुढच्या वर्षी त्यांचे लग्न झाले.

दोघांच्या होडीचे गणित असे असते. पुढच्याने दगड शोधायचे आणि जोर लावायचा; मागच्याने दिशा धरायची. पुढच्याला नदी दिसते, मागच्याला नदी आणि पुढच्याची पाठ दिसते. पुढच्याला मागचा दिसत नाही. क्वेता नियमाची पक्की. शाळेत तीनशे पोरांचे जेवण ती अकरा चाळीसला तयार ठेवायची, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. होडीतही तिने मान कधी मागे वळवली नाही. लुमीरला ती कानांनी ओळखायची. वल्ह्यावरून पाणी निथळायचे त्यावरून तो कोणत्या बाजूला वल्हवतोय ते कळायचे. होडी किंचित उजवीकडे झुकली की तो नाक शिंकरतोय. आणि सगळे आवाज बंद झाले की तो आळस करतोय. मग ती समोर बघतच ओरडायची,

"मागे कोणी आहे का?"

आणि मागून उत्तर यायचे, "पुढे बघ!"

सगळी साझावा हा संवाद ओळखत असे. अनोळखी होड्यांतली माणसेसुद्धा कालिना नवराबायको दिसली की "अहोय!" अशी हाळी देण्याऐवजी "मागे कोणी आहे का?" म्हणून ओरडायची. कारण मागे लुमीर काय करायचा ते त्यांना दिसायचे. तो वल्हे मांडीवर आडवे टाकायचा, एक हात पाण्यात सोडायचा, मान कलती करून मेल्याचे सोंग घ्यायचा, आणि एक डोळा किलकिला करून आजूबाजूच्या होड्यांत कोण कोण हसतेय ते बघायचा. क्वेता बिचारी पुढे घाम गाळत असायची. काठावर आल्यावर बायका तिला सांगायच्या, "अगं, एकदा बघ तरी मागे वळून, काय माकडचेष्टा चालतात तुझ्या नवऱ्याच्या!" ती म्हणायची, "बघितलं तर होडी कलंडेल." आणि हसायची. आपल्या पाठीमागे काहीतरी मजेचे चालले आहे हे तिला आवडत असावे.

यंदाच्या एप्रिलमध्ये नदीचे कुलूप उघडले, त्या दिवशी रादिमने त्यांच्या होडीच्या नाकावर एक कॅमेरा बसवला होता. रादिम शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. लहानपणी त्याच शाळेत तो क्वेताच्या हातचे जेवला होता, पालकाची भाजी रुमालात गुंडाळून खिशात घालताना तिच्याकडून पकडला गेला होता, आणि अजून तिला मावशीच म्हणतो. त्याने उंच काठीवर कॅमेरा लावला, तोंड मागच्या बाजूला.

"मावशी, पुढून सगळेच काढतात. मी तुम्हा दोघांची तोंडं काढणार."

"माझं काय काढतोस? याचं काढ. मलाही कळू दे मागे बसून काय दिवे लावतो ते."

त्या दिवशी गिरणीच्या बंधाऱ्यावर त्यांची होडी उलटली. बंधाऱ्याच्या एका कडेला होड्या उतरवायची घसरण आहे. लुमीर तिथून डोळे मिटून होडी काढायचा. त्या दिवशी होडी आडवी गेली, कठड्यावर आपटली आणि दोघेही पाण्यात. लोयझाने त्यांना बाहेर ओढले. लोयझा बंधाऱ्यावरच्या खानावळीचा मालक, लुमीरचा शाळेपासूनचा दोस्त. नदीवरचा रिवाज असा, की जो उलटतो त्याने, ज्याने बाहेर काढले त्याला एक रम पाजायचा; तिथल्या तिथे, ओल्या कपड्यांनी. लुमीरच्या टोपीच्या अस्तरात त्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीत शंभराची एक नोट कायम असे. खानावळ वर होती, चढणीच्या पायऱ्या चढून. लुमीर खाली दगडावर बसून राहिला.

"चल, ऊठ," लोयझा म्हणाला. "रम!"

"आज नको रे. कुलूप लावायच्या दिवशी देतो."

"ऐका हो ऐका! लुमीर कालिना उधारी मागतोय! सहा महिन्यांची!"

सगळे हसले. लुमीरही हसला. एप्रिलचे पाणी बर्फासारखे, त्यामुळे तो थरथरत होता आणि तोंड राखेसारखे झाले होते, याचे कोणाला काही वाटले नाही. सगळेच थरथरत होते. क्वेताचा नवा थर्मास वाहून गेला होता. ती त्याच्यावर करवादली, "चाळीस वर्षं त्याच बंधाऱ्यावरून उतरतोस आणि एक होडी सरळ नेता येत नाही? झोपला होतास का मागे?" आणि रात्रीच्या जेवणापर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

मे महिन्यात एका मंगळवारी लुमीर तळघरात बटाटे आणायला गेला. क्वेताने वरून हाक मारली, "अरे, पेरून उगवायची वाट बघतोयस का?" उत्तर आले नाही. ती सोंगाला ओळखून होती. तिने कांदा परतून घेतला, मग पुन्हा हाक मारली, आणि मग खाली गेली.

नंतर डॉक्टरने तिला बोलावून घेतले. तरुण होता, शब्द जपून वापरत होता. शवविच्छेदनात लुमीरच्या हृदयावर आधीचा एक व्रण निघाला होता. महिनाभरापूर्वीचा असावा. त्या वेळी मोठी कळ आली असणार. त्यांनी कधी काही तक्रार केली नाही?

"लुमीरने? कधीच नाही," क्वेता म्हणाली. "महिन्यापूर्वी तर तो नदीवर होता. दिवसभर वल्हवत होता, डॉक्टर."

हे तिने जरा अभिमानानेच सांगितले. "त्याच वेळी आले असते तर..." असे म्हणून डॉक्टरने कागद नीट केले.

सप्टेंबरात रादिम घरी आला. टोपी हातात धरून उंबऱ्यापाशीच उभा राहिला.

"मावशी, ते एप्रिलचं चित्रण माझ्याकडे तसंच पडून आहे. हात लावायचं धाडस होत नव्हतं. आता लावला. चार मिनिटांचा झालाय. तुम्ही नको म्हणालात तर पुसून टाकतो."

"त्यात दिसतो तो?"

"पूर्ण वेळ."

"हसतोय?"

"काय हसतोय म्हणून काय विचारता! मी एकटा बघताना हसून हसून रडलो. घरी आणून दाखवू का आधी?"

क्वेताने विचार केला. स्वयंपाकघरात, त्या चिमुकल्या पडद्यावर, एकटीने? नदीवर ती दोघे कधी एकटी नव्हतीच. पुढे-मागे चार होड्या असायच्याच.

"नको," ती म्हणाली. "सगळ्यांबरोबर बघेन."

तेव्हापासून ती त्या दिवसाकडे डोळे लावून होती. घरातला लुमीर तिला पाठ होता. जेवतानाचा, घोरतानाचा, दाढी करताना गाल फुगवणारा, करवतीने बोट कापले तेव्हा खालचा ओठ आतून चावून गप्प बसलेला. हे सगळे चेहरे पाहून झाले होते आणि ते आता पुन्हा नवीन होणार नव्हते. नदीवरचा तेवढा एक शिल्लक होता.

कुलूप लावायच्या दुपारी ती काठावर उभी राहिली. लोयझा नेहमीप्रमाणे पाणबुवा, म्हणजे गोष्टीतला नदीच्या तळाशी राहणारा बुवा, झाला होता. हिरवा कोट, हिरवी टोपी, आणि कोटाच्या एका टोकातून ठिबकणारे पाणी. त्याने लुमीरनेच कधी काळी घडवलेली ती माणसाएवढी किल्ली पाण्यात फिरवली, "झोप गं बाई!" म्हणून नदीला सांगितले, आणि किल्ली भिरकावून दिली. मग तिला बांधलेली दोरी ओढून ती परत काढून घेतली, कारण दरवर्षी नवी कोण करणार. रादिम क्वेताजवळ आला.

"मावशी, एक फेरी मारू या का? मी मागे बसतो."

"नको रे बाबा. तू मागे बसलास तर मी ओरडणार कोणावर?"

आणि आता ती व्यायामशाळेत तिसऱ्या रांगेत बसली होती. भिंतीवरच्या व्यायामाच्या शिड्यांवर पांढरा पडदा टांगला होता. बिअरचा नळ मागच्या कोपऱ्यात, त्याच्यामागे लोयझा. हिरवा कोट अजून अंगावरच. सहा चित्रपट झाले. आइसलँड झाले, अल्बानिया झाले, टबातला पोरगा झाला. यार्मिला तिकिटांचे काम आटोपून क्वेताशेजारी येऊन बसली आणि तिने तिचा हात हातात घेतला.

सातव्याला पहिल्याच क्षणी पडदाभर क्वेताचा चेहरा आला. लाल टोपी, आ वासलेला, "डावीकडे दगड!" म्हणून किंचाळणारा. हॉल खो-खो हसला.

"अगं बाई," क्वेता पुटपुटली, "अशी दिसते मी?"

"अशीच दिसतेस," यार्मिला म्हणाली.

पण क्वेता स्वतःकडे बघत नव्हती. पडद्यावरच्या क्वेताच्या उजव्या खांद्यावरून, मागे, लहानसा, लुमीर दिसत होता.

मागचा माणूस नदी बघतो, लाट बघतो, पुढचे वळण बघतो, असे ती इतकी वर्षे समजत आली होती. लुमीर पाण्याकडे फारसा बघतच नव्हता. पाण्याकडे बघायला पुढे ती होती. तो तिच्याकडे बघत होता. ती डावीकडे झुकली की त्याची नजर डावीकडे, ती उजवीकडे झुकली की उजवीकडे. वल्हे आपोआप चालले होते. तोंडावर हसू नव्हते की काही नव्हते. नुसता निवांतपणा होता, जसा लाकूड चांगले निघाले की कामाच्या टेबलापाशी असायचा. एकदा तिची टोपी वाऱ्याने सरकली तर तिकडे त्याने उगाचच आपली टोपी नीट केली. क्वेता यार्मिलाचा हात घट्ट धरून बघत राहिली. तिला वाटले, ऐंशी कोरुनात हे फारच स्वस्त मिळाले.

मग लुमीरने वल्हे मांडीवर आडवे टाकले.

"झालं सुरू!" कोणीतरी ओरडले.

रादिमने त्या जागी घोरण्याचा आवाज घातला होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'कॅप्टन विश्रांती घेत आहेत.' हॉलमध्ये हशा उसळला. पुढे क्वेता जीव खाऊन वल्हवत होती, मागे लुमीर वाकला होता, एक हात पाण्यात लोंबत होता. मागच्या रांगेत कोणाची तरी बिअर नाकात गेली.

क्वेता हसली नाही. लुमीर आजूबाजूला बघत नव्हता. सोंग घेताना तो एक डोळा किलकिला ठेवायचा, हे तिला शंभर जणांनी सांगितले होते. इथे शेजारून एक होडी चालली होती, तीतली माणसे त्याच्याकडे बोट दाखवून हसत होती, आणि तो तिकडे बघतही नव्हता. दुसरा हात जॅकेटच्या आत, छातीशी होता. आणि खालचा ओठ त्याने आतून चावून धरला होता. करवत लागली होती तेव्हा धरला होता, अगदी तसाच.

पडद्यावरच्या क्वेताने समोर बघतच आरोळी ठोकली, "मागे कोणी आहे का?"

सगळ्या हॉलने तिच्या सुरात सूर मिळवला. "मागे कोणी आहे का?"

लुमीरने तोंड उघडले. आवाज आला नाही. त्याने ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारले, श्वास घेतला, पुन्हा तोंड उघडले. पुढच्या क्वेताची मान तेवढ्यात किंचित वळल्यासारखी झाली. झटकन तो ताठ बसला, वल्हे उचलले, तोंडावर हसू चढवले. कोट चढवावा तसे.

"पुढे बघ!" तो गरजला. "वळू नकोस, होडी कलंडेल!"

आणि ती वळली नाही. मान सरळ झाली तसे हसू उतरले, वल्हे पुन्हा मांडीवर आले. मग गिरणीचा बंधारा, आडवी झालेली होडी, आभाळ, पाणी, फेस. लोयझाचा हिरव्या कोटातला हात. पितळी बँडचा जल्लोष आणि समाप्त.

टाळ्या, शिट्ट्या, पायांचा दणदणाट. "पुन्हा! पुन्हा!" पुन्हा दाखवायची मागणी या संध्याकाळी क्वचितच होते. रादिम यंत्रापाशी उभा राहून लाल चेहऱ्याने हसत होता. त्याने क्वेताकडे बघून भुवया उंचावल्या. दाखवू?

नको म्हणता आले असते. ती उठून त्याच्यापाशी गेली.

"ते घोरणं काढता येईल का रे?" तिने हळू आवाजात विचारले.

"आत्ता? नाही मावशी, ते आत चिकटलेलं आहे. का, जास्त झालं?"

क्वेताने त्याच्याकडे बघितले. याने एकट्याने बसून हे किती वेळा बघितले असेल, आणि दरवेळी त्याला आपला लाडका लुमीरकाका सोंग करताना दिसला असेल. त्या दिवशी शेजारच्या होडीला दिसला तसाच. तिला स्वतःला ऐकू आला तसाच.

"नाही. असू दे. लाव."

ती खुर्चीकडे परत गेली नाही. पडद्याजवळ, भिंतीच्या शिडीला धरून उभी राहिली. हॉल आता तयारीत होता. विनोद कुठे येणार हे ठाऊक असलेली माणसे आधीच हसू लागतात. घोरणे सुरू झाले तेव्हा अर्ध्या हॉलने बरोबर घोरून दाखवले. क्वेताने कान मिटून घेतले आणि डोळे उघडे ठेवले. तिला तो चेहरा पूर्ण बघायचा होता, चांगला आणि वाईट, सगळा. त्याने तो तिच्यापासून लपवण्यासाठी किती जोर लावला होता ते बघायचे होते. वल्हवत होता, डॉक्टर. दिवसभर वल्हवत होता.

"मागे कोणी आहे का?" हॉल एका आवाजात गरजला.

मागे कोपऱ्यात बिअरचा नळ उघडाच राहिला होता. लोयझा ग्लास भरता भरता थांबला होता, फेस त्याच्या हातावरून वाहत होता. तो पडद्याकडे बघत नव्हता. शिडीला धरून उभ्या असलेल्या क्वेताकडे बघत होता. मग त्याने पडद्याकडे बघितले. मग डोक्यावरची हिरवी टोपी काढली.

शेवटचे दोन चित्रपट झाले आणि प्रेक्षकांनी रादिमला पहिला नंबर दिला. बक्षीस, रंगवलेले वल्हे. लोक क्वेताभोवती जमले. "काय माणूस होता!" "मेला तरी हसवतोय बघ!" ती मान हलवत होती, "होय, होय, असाच होता," म्हणत होती, आणि बुडालेले वाढत होती. बशी हातात असली की माणूस फार बोलत नाही, हे तिला स्वयंपाकघराने शिकवले होते.

गर्दी जराशी पांगल्यावर ती कोपऱ्यात गेली. लोयझाने न विचारता तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"मी त्याला बाहेर ओढलं," तो म्हणाला. "तोंड राखेसारखं होतं. मी म्हटलं, रम दे."

"मी म्हटलं, थर्मास गेला."

"क्वेता, तू पुढे होतीस. तुला कसं दिसणार?"

"मान वळवायची होती, लोयझा. एवढंच. होडी तशीही उलटलीच ना?"

लोयझा फडक्याने कोरडे टेबल पुसत राहिला.

"पोराला सांगू नकोस," क्वेता म्हणाली. "शपथ आहे तुला. त्याने प्रेमाने केलंय."

"वेडी आहेस का."

तेवढ्यात रादिमच आला, बक्षिसाचे वल्हे खांद्यावर टाकून, डोळे चमकत होते.

"मावशी, खरं सांगा, आवडला ना? मी मघापासून तुमच्याकडे बघत होतो, तुम्ही हसला नाहीत."

"मी बघत होते रे. हसायला शंभर जण होते." तिने त्याचा गाल थोपटला. "चांगला झालाय. त्याची एक प्रत मला दे. आवाज काढून."

"आवाज काढून?"

"तुझा बँड फार मोठा वाजतो."

तो हसला, देतो म्हणाला. मग टेबलावर थाप मारून ओरडला, "लोयझाकाका, आज कुलपाचा दिवस! लुमीरकाकांचा रम राहिलाय ना तुमचा? आज मी देतो, चुकता करून टाकू!" आजूबाजूच्यांनी आरोळी दिली. कोणीतरी म्हणाले, "लुमीर सहा महिन्यांची उधारी करून पळाला!" रादिमने नोट काढून टेबलावर ठेवली.

लोयझाने नोटेला हात लावला नाही. तो क्वेताकडे बघत राहिला.

क्वेताने नोट उचलली, दोनदा घडी घातली आणि रादिमच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. लहानपणी पालकाच्या भाजीचा रुमाल काढून घेतला होता त्याच खिशाच्या जागी.

"ही उधारी तुझी नाही, माझीही नाही," ती म्हणाली. "तो म्हणाला होता, मी देतो."

रिकाम्या बरण्या पिशवीत भरून ती निघाली. दारात यार्मिलाने सोबत येऊ का म्हणून विचारले, तर नको म्हणाली. रस्ता नदीकाठाने होता. लोयझाने नळ बंद केला आणि हिरवा कोट खुंटीला लावला.

लुमीर कालिनाकडून लोयझाचे एका रमचे चाळीस कोरुना येणे आहे.